वाजवता येणे आणि ते दाखवता येणे

ज्या घरांत संगीत शिकायला पैसाही नसतो आणि सवडही नसते, अशा घरांतल्या मुलांना वाद्य शिकवून संगीत महाविद्यालयाच्या दारापर्यंत पोहोचवण्याच्या कामात मी नवखा होतो, तेव्हा मुलांचा हात तयार झाला की पुढचे आपोआप होते, अशी माझी समजूत होती. पहिल्याच तुकडीने ती खोटी ठरवली. त्या तुकडीतला सर्वांत तयारीचा व्हायोलिनवादक मुलगा प्रवेशाच्या पहिल्याच फेरीत बाद झाला आणि त्याचे कारण वादनात नव्हते. त्याने पाठवलेल्या व्हिडिओत डावा हात अर्धा कापला गेला होता आणि दोन रचनांच्या मध्ये चित्रीकरण थांबवलेले दिसत होते. माहितीपत्रकात मात्र दोन्ही हात दिसतील असे सलग चित्रीकरण मागितले होते. ते माहितीपत्रक त्याने वाचले नव्हते, आणि मीही नाही.

त्यामुळे या कामात नव्याने येणाऱ्यांना मी आधी हेच सांगतो की, वाजवता येणे ही एक विद्या आहे आणि ते परीक्षकांपुढे मांडता येणे ही दुसरी. ही दुसरी विद्या सुखवस्तू घरांतल्या मुलांना कोणी मुद्दाम शिकवत नाही, कारण घरातले कोणीतरी त्या वाटेने आधीच जाऊन आलेले असते. आपल्या मुलांसाठी ते ‘कोणीतरी’ आपल्यालाच व्हावे लागते.

पाश्चात्त्य संगीताच्या बहुतेक ऑडिशनमध्ये वेगवेगळ्या प्रकृतीच्या दोन-तीन रचना, स्केल म्हणजे सप्तकातले स्वर क्रमाने चढत-उतरत वाजवणे, कधीही न पाहिलेली स्वरलिपी वाचत वाजवणे, कानाची परीक्षा आणि मुलाखत असे साधारण स्वरूप असते. रचना सहा महिन्यांत बसवता येतात. वाचन बसत नाही, त्याला दोन वर्षे लागतात असे धरून चालावे. नुसते ऐकून शिकलेली मुले इथे विनाकारण खचतात. माझी एक विद्यार्थिनी कोणतेही गाणे एकदा ऐकून कोणत्याही पट्टीत वाजवत असे, पण दोन स्वरांमधले अंतर कोणते, असे विचारले की गप्प होई. तिला अंतर कळत होते, फक्त त्याचे नाव ठाऊक नव्हते. हंगेरीच्या झोल्तान कोडाय यांच्या पद्धतीत आधी गायचे आणि मग वाचायचे असा क्रम असतो. तिच्या पाठ असलेल्या गाण्यांतूनच अंतरांची नावे शिकवल्यावर महिन्याभरात तिची भीती गेली.

समावेशक शिक्षणाविषयी बोलताना व्हेनेझुएलाचे उदाहरण हमखास निघते. होसे आंतोनियो आब्रेऊ यांनी १९७५ मध्ये सुरू केलेल्या ‘एल सिस्तेमा’ने गरीब वस्त्यांतल्या मुलांना सुरुवातीपासूनच वाद्यवृंदात बसवले, आणि पुढे त्याच चळवळीतून पांढरे हातमोजे घालून हातांच्या हालचालींनी गीत साकारणाऱ्या कर्णबधिर मुलांचा गायकवृंदही उभा राहिला. समूहाने मुलाला आपलेपणा मिळतो, हे मी रोज पाहतो. मात्र समूहात चूक झाकली जाते आणि ऑडिशन एकट्याने द्यायची असते, म्हणून आठवड्यातून एकदा तरी प्रत्येकाने इतरांसमोर एकट्याने वाजवावे, असा माझा आग्रह असतो.

अपंग विद्यार्थ्यांच्या बाबतीत सगळ्यांत महाग पडतो तो उशीर. लुई ब्रेल यांनी १८२९ मध्ये आपली लिपी प्रसिद्ध केली, तेव्हाच तिच्यात संगीतलेखनाची सोय होती. ते स्वतः ऑर्गन वाजवत. सहा टिंबांच्या घरात वरची चार टिंबे स्वराचे नाव सांगतात आणि खालची दोन त्याचा कालावधी. पण वाचायला बोटे लागतात आणि वाजवायलाही बोटेच. माझी अंध विद्यार्थिनी डावा हात कागदावर ठेवून उजव्या हाताचा भाग पियानोवर बसवी, मग हात बदली, आणि दोन्ही भाग पाठ झाल्यावरच ते एकत्र वाजवी. चार ओळींना तिची एक संध्याकाळ जात असे. अशा मुलीला समोर कागद ठेवून ‘वाजव’ म्हणणे ही तिच्या संगीताची परीक्षाच नव्हे. तिच्यासाठी पर्यायी चाचणीची मागणी अर्जासोबतच लेखी करावी आणि स्वरलिपीचे ब्रेल रूपांतर कित्येक आठवडे आधी मागून ठेवावे. बाराव्या वर्षापर्यंत ऐकण्याची शक्ती जवळजवळ पूर्ण गमावलेल्या तालवादक एव्हलिन ग्लेनी कंपने जाणवावीत म्हणून अनवाणी वाजवतात. तुमचा विद्यार्थी बूट काढून ऑडिशनला उभा राहणार असेल, तर तेही परीक्षकांना आधी कळवलेले बरे.

ऑनलाइन ऑडिशनचा एक सापळा सांगून ठेवतो. व्हिडिओ कॉलच्या अ‍ॅपला माणसाचे बोलणे ऐकवायचे असते, त्यामुळे बासरीचा लांबवलेला स्वर त्याला पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ते तो मध्येच गिळून टाकते. आवाज गाळण्याची ही सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी लागते, आणि तसे केल्यावर दुसऱ्या टोकाला कोणालातरी बसवून एकदा ऐकून घ्यावे.

पैशांचे बोलायचे तर अर्जाच्या फीमध्ये सवलत अनेक ठिकाणी मिळते, पण ती मागावी लागते, आणि मुले लाजेने मागत नाहीत. साथीदाराचे मानधन आणि प्रवासखर्च यांचा हिशेबही आधीच मांडून ठेवावा. वाद्याची गोष्ट मात्र आम्हालाही उशिरा सुचली. आमची वाद्ये उसनी दिलेली असत आणि शाळा संपताच परत घेतली जात, म्हणजे महाविद्यालय सुरू होण्याआधीचे नेमके सरावाचे महिने मुलांना रिकाम्या हाताने काढावे लागत. आता आमच्या करारात वाद्य परत करण्याची तारीख महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या शेवटची असते.