डॅटसन २४० झेडच्या हेडचे पोर्टिंग: कुठे घासावे आणि कुठे हात आवरावा

१९६९ च्या अखेरीस सादर झालेल्या डॅटसन २४० झेड या मोटारीत एल-२४ हे सरळ ओळीतले सहा सिलिंडरचे इंजिन होते. त्याची क्षमता २३९३ घनसेंटिमीटर, बोर (सिलिंडरचा व्यास) ८३ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७३.७ मिलिमीटर. ब्लॉक बिडाचा, त्यावर बसणारे व्हॉल्व्हचे हेड अॅल्युमिनियमचे, हेडवर एकच कॅमशाफ्ट आणि ती फिरवणारी दुपदरी चेन, अशी त्याची सरळसाधी मांडणी आहे. याच मोटारीने १९७१ आणि १९७३ सालची ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली जिंकली. दुसऱ्या विजयाच्या वेळी स्टिअरिंगवर युगांडात वाढलेला भारतीय वंशाचा शेखर मेहता होता. इंजिन दणकट आहे आणि हेडमध्ये सुधारणेला वाव आहे, यात शंका नाही. हेडमधून हवा-पेट्रोल आत नेणाऱ्या (इनटेक) आणि धूर बाहेर सोडणाऱ्या (एक्झॉस्ट) वाटा म्हणजे पोर्ट, आणि त्या घासून सुधारणे म्हणजे पोर्टिंग. मात्र नवखा माणूस सहसा पोर्टचे बाहेरून दिसणारे तोंड मोठे करत बसतो, आणि खरा फायदा असतो तो व्हॉल्व्हच्या सीटखालच्या, म्हणजे बंद व्हॉल्व्ह ज्या कड्यावर टेकतो त्याखालच्या, जेमतेम दीड सेंटिमीटर जागेत.

काम सुरू करण्यापूर्वी हेडवर ओतीव अक्षरांत असलेला क्रमांक वाचावा. सुरुवातीच्या ई-३१ हेडचा ज्वलनकक्ष सुमारे ४२.४ घनसेंटिमीटरचा असून त्यात ४२ मिलिमीटरचे इनटेक आणि ३३ मिलिमीटरचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह असतात. पुढे याच मालिकेतील मोठ्या एल-२८ इंजिनावर आलेल्या एन-४२ हेडमध्ये ते अनुक्रमे ४४ आणि ३५ मिलिमीटरचे झाले. एन-४७ आणि पी-७९ या हेडांच्या एक्झॉस्ट पोर्टमध्ये पोलादी अस्तर बसवलेले असते, त्यामुळे पोर्टिंगसाठी ती मी निवडणार नाही. रस्त्यावर चालवायच्या एल-२४ साठी मूळ मापाचेच व्हॉल्व्ह ठेवावेत, असे माझे मत आहे. ४४ मिलिमीटरचा व्हॉल्व्ह ८३ मिलिमीटरच्या बोरमध्ये सिलिंडरच्या भिंतीला इतका खेटून उघडतो की वाढीव मापाचा बराचसा लाभ तिथेच वाया जातो.

हेड उतरवताना इंजिन पूर्ण थंड असावे आणि पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला आणलेला असावा. चेन आणि कॅमच्या स्प्रॉकेटवर रंगाची खूण करावी. त्यानंतर, स्प्रॉकेट काढण्याच्या आधीच, चेनच्या दोन बाजूंच्या मधल्या पोकळीत वरून एक निमुळती लाकडी पाचर घट्ट ठोकावी. ती काढायला सोपे जावे म्हणून तिला वर दोरी बांधून ठेवावी. ही पाचर नसेल तर चेन सैल पडते, चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा दट्ट्या बाहेर उडतो आणि मग पुढचे संपूर्ण कव्हर उतरवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. हेडचे मोठे अॅलन बोल्ट बाहेरून आत, टप्प्याटप्प्याने सैल करावेत. समोरच्या कव्हरला हेडशी जोडणारे दोन छोटे बोल्टही आठवणीने काढावेत, कारण ते तसेच ठेवून हेडला तरफ लावली तर अॅल्युमिनियमची किनार तुटते.

घासण्याची हत्यारे हातात घेण्याआधी हेड धुऊन सरळ पट्टी आणि फीलर गेजने तपासावे. वाक ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर दुरुस्ती आवश्यक आहे. येथे एक गोष्ट अनेकदा निसटते. तापून वाकलेल्या हेडचा खालचा पृष्ठभाग वर्कशॉपमधून सपाट करून आणला, तरी वरच्या बाजूची कॅमशाफ्टची रेषा वाकलेलीच राहते. म्हणून रॉकर (कॅमचा दाब व्हॉल्व्हपर्यंत नेणारे दांडे) काढून ठेवावेत आणि कॅमशाफ्ट तिच्या टॉवरमध्ये, म्हणजे तिला धरणाऱ्या उभ्या आधारांमध्ये, बोटांनी सहज फिरते का ते पाहावे. ती अडकत असेल तर हेड आधी भट्टीत तापवून सरळ करवून घ्यावे आणि मगच घासावे. टॉवर एकाच रेषेत बोअर केलेले असल्यामुळे त्यांची आपसांत अदलाबदल कधीही करू नये.

आता पोर्टिंग. अॅल्युमिनियमसाठी रुंद खाचांचा कार्बाइड बर (ग्राइंडरचे कापणारे फिरते टोक) वापरावा. बारीक दातांचा बर काही क्षणांत चोंदतो. बरला अधूनमधून मेण किंवा रॉकेल लावत राहावे. डोळ्यांवर चष्मा आणि नाकातोंडावर मास्क असल्याशिवाय ग्राइंडर सुरू करू नये. सुरुवात सीटखालच्या वाटीपासून करावी. कारखान्यात ओतीव भाग आणि यंत्राने कापलेला भाग जिथे मिळतात तिथे एक धारदार कंगोरा राहिलेला असतो. बोट आत घालून फिरवले की तो लगेच लागतो. तो कंगोरा काढून सीटपासून पोर्टपर्यंत सलग उतार करणे हेच सर्वांत मोलाचे काम आहे. येथील गळ्याचा, म्हणजे सीटखालच्या सर्वांत अरुंद भागाचा, व्यास व्हॉल्व्हच्या व्यासाच्या ८५ ते ८८ टक्के, म्हणजे ४२ मिलिमीटरच्या व्हॉल्व्हसाठी सुमारे ३६ ते ३७ मिलिमीटर आणि ३३ मिलिमीटरच्या व्हॉल्व्हसाठी २८ ते २९ मिलिमीटर ठेवावा. त्यापलीकडे गेल्यास सीटला आधारच उरत नाही.

पोर्टच्या तळाकडचे आतले वळण, जिथून हवा सर्वांत कमी अंतर कापून खाली वळते, ते खोल करण्याचा मोह टाळावा. ते वळण जितके तीव्र होईल तितकी हवा भिंत सोडून देते, आणि पोर्ट मोठा होऊनही प्रवाह कमी होतो. तेथे फक्त खडबडीतपणा काढावा. वाढवायचेच असेल तर वरच्या छताकडे आणि बाजूंना थोडे वाढवावे, पण पाण्याची पोकळी भिंतीपलीकडेच आहे याचे भान ठेवून. व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीतून सरकते त्या व्हॉल्व्ह गाईडभोवतीचा उंचवटा दोन्ही बाजूंनी निमुळता करावा. एक्झॉस्टच्या बाजूला तो मुळीच छाटून टाकू नये, कारण तापलेल्या व्हॉल्व्हच्या दांडीतली उष्णता त्याच वाटेने हेडमध्ये उतरते.

मॅनिफोल्डच्या बाजूला गॅस्केट ठेवून कडा आखून घ्याव्यात. प्रवाहाच्या वाटेत आडवी येणारी पायरी कुठेही नको. इनटेकला मॅनिफोल्डचे भोक हेडच्या भोकापेक्षा किंचित लहान असले तरी चालते आणि एक्झॉस्टला याच्या उलट. इनटेक पोर्ट ८० नंबरच्या एमरीवर थांबवावा. एक्झॉस्ट हवा तर चकचकीत करावा, त्यावर काजळी कमी धरते. सहाही पोर्टचे माप एकसारखे येणे हे एखादा पोर्ट फार सुंदर होण्यापेक्षा महत्त्वाचे आहे, म्हणून एकच टप्पा सहाही पोर्टवर पूर्ण करून मगच पुढचा टप्पा घ्यावा.

सीटचे काम मात्र यंत्र असलेल्या कुशल कारागिराकडेच द्यावे. सुरुवातीच्या हेडांत मऊ ब्राँझच्या सीट आढळतात; आजच्या शिसेविरहित पेट्रोलसाठी त्या बदलून कठीण सीट बसवून घेणे शहाणपणाचे आहे. ३०, ४५ आणि ६० अंशांचे तीन कोन कापून घ्यावेत. ४५ अंशांच्या पट्टीची रुंदी इनटेकला सुमारे सव्वा आणि एक्झॉस्टला दीड ते पावणेदोन मिलिमीटर असावी. गाईड बदलायचे असतील तर ते सीट कापण्याआधी बदलावेत, कारण सीटचा मध्य गाईडवरूनच धरला जातो.

यानंतर प्रत्येक ज्वलनकक्ष मोजावा. प्लग आणि व्हॉल्व्ह बसवून कक्षाच्या कडेला ग्रीस लावावे, मध्ये भोक असलेली अॅक्रिलिकची पट्टी त्यावर दाबावी आणि ब्युरेटने रंगीत द्रव भरावा. एका सिलिंडरचे आकारमान ३९८.८ घनसेंटिमीटर असते. सपाट पिस्टन ब्लॉकच्या पातळीत आहे असे धरले, तर ४२.४ चा कक्ष आणि गॅस्केटचे सुमारे ७ मिळून ४९.४ होतात आणि कॉम्प्रेशनचे गुणोत्तर साधारण ९.१ येते. कक्ष ३८ पर्यंत आणला तर ते ९.९ च्या आसपास जाते. त्याहून वर मूळ कॅम ठेवून रस्त्यावरच्या पेट्रोलवर ठोके येण्याचा धोका वाढतो.

कॉम्प्रेशनसाठी हेडचा पृष्ठभाग उतरवला की कॅम क्रँकच्या जवळ येते, चेन सैल होते आणि व्हॉल्व्हचे टाइमिंग मागे पडते. कपात थोडी असेल तर कॅमच्या स्प्रॉकेटवरील पुढचे भोक वापरून टाइमिंग सावरता येते. कपात जास्त असेल तर तेवढ्याच जाडीच्या शिम (पातळ पट्ट्या) टॉवरखाली घालाव्या लागतात. पण टॉवर उचलले तरी रॉकरचा टेकू हेडवरच राहतो, त्यामुळे व्हॉल्व्हच्या डोक्यावरील लॅश पॅड ही छोटी चकतीही जाड घ्यावे लागते. हे जुळले की नाही ते रॉकरच्या घासपट्टीला निळी शाई लावून आणि कॅम हाताने फिरवून पाहावे: घासल्याची खूण पट्टीच्या मध्यभागी असली पाहिजे, कोणत्याही टोकावरून बाहेर जाता कामा नये. खूण कडेला गेली असताना इंजिन चालवले तर कॅमचे लोब आणि रॉकर दोन्ही लवकर खराब होतात.

जोडणी करताना पिस्टनवर प्लॅस्टिसिन ठेवून क्रँक दोन फेऱ्या हाताने फिरवावा आणि दबलेल्या प्लॅस्टिसिनची जाडी मोजावी. इनटेकला २ आणि एक्झॉस्टला २.५ मिलिमीटर मिळाले तर निर्धास्त राहता येते. हेडचे बोल्ट मध्यापासून बाहेर, तीन टप्प्यांत, त्या सालच्या कारखान्याच्या पुस्तिकेतील टॉर्कनुसार आवळावेत. व्हॉल्व्हची फट थंड इंजिनावर इनटेकला ०.२० आणि एक्झॉस्टला ०.२५ मिलिमीटर ठेवावी. इंजिन तापल्यावर ती पुन्हा तपासावी, तेव्हा ०.२५ आणि ०.३० अपेक्षित असते. आता आत जाणारी हवा वाढलेली असल्यामुळे कार्बुरेटरमधल्या, पेट्रोलचे प्रमाण ठरवणाऱ्या जुन्या सुयांवर मिश्रण पातळ पडण्याची, म्हणजे पेट्रोल कमी पडण्याची, शक्यता असते. म्हणून पहिल्या लांब चढावानंतर गाडी बाजूला घेऊन सहाही प्लग काढून पाहावेत आणि त्यांची टोके पांढुरकी दिसली तर अधिक पेट्रोल देणाऱ्या सुया घातल्याशिवाय इंजिनावर पूर्ण जोर देऊ नये.