शिडाच्या बोटीने बेटं फिरायचीत? आधी नांगर टाकायला शिका

सामान मऊ बॅगेत भरा, कडक सुटकेस बोटीत कुठेच मावत नाही. उलटीची गोळी बोट सुटायच्या आधी घ्या, मळमळायला लागल्यावर नाही. कॅरिबियनला जाणार असाल तर जून ते नोव्हेंबर टाळा, हरिकेनचा सीझन असतो. झाली तयारी.

खरी गोची बेटापाशी पोचल्यावर. सगळे सांगतात, छान जागा बघा आणि नांगर टाका. अहो, टाकतो कोणीही, तो धरला पाहिजे ना! मलाही हे जमायला बराच वेळ लागला.

पोचायचं सकाळी 10 ते दुपारी 3 मधे, ऊन डोक्यावर किंवा पाठीशी असताना. समोरून ऊन आलं की पाणी नुसतं चमकतं आणि खालचे प्रवाळ दिसतच नाहीत. एकाने पोलराइज्ड गॉगल लावून बोटीच्या पुढच्या टोकाला उभं राहायचं. गडद निळं म्हणजे खोल, फिकट हिरवट-निळं म्हणजे खाली वाळू, तपकिरी-पिवळट दिसलं की प्रवाळ, तिकडे जायचंच नाही, मोबाइलवरचा नकाशा काहीही म्हणो. नांगर वाळूतच टाकायचा, प्रवाळ मोडतात आणि साखळीही अडकते.

बोट वाऱ्याकडे तोंड करून थांबवा, नांगर तळाला टेकवा, मग बोट मागे सरकेल तशी साखळी सोडत जा, एकदम ढीग ओतू नका. किती सोडायची? पाणी 5 मीटर, भरतीचा 1, बोटीच्या टोकाची उंची 1, म्हणजे 7 झाले, त्याच्या पाचपट 35 मीटर, आणि रात्री वारा वाढणार असेल तर सातपट, 49. "तिप्पट पुरते" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. मग इंजिन हळूच रिव्हर्सला टाका आणि किनाऱ्यावरच्या एकामागे एक दिसणाऱ्या दोन खुणा बघा, झाड आणि मागचा खडक वगैरे. खुणा एका रेषेतून हलत राहिल्या तर नांगर घसरतोय, उचला आणि परत टाका, शेजारच्या बोटीवरचे बघतायत म्हणून लाजायचं नाही. शेवटी मास्क लावून पाण्यात उतरा आणि नांगर रुतलाय का ते डोळ्यांनी बघा.

झोपताना अँकर अलार्म लावा, बोट जागेवरून सरकली की तो वाजतो.

बाकी सोपंय. डिंगीने, म्हणजे बोटीसोबतच्या छोट्या होडीने, किनाऱ्यावर जा, ती ओढून भरतीच्या रेषेच्या वर ठेवा. कॅरिबियनमधे किनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड असतं, हिरव्या छोट्या सफरचंदासारखी फळं, त्यांना हात लावू नका आणि पावसात त्याखाली उभं राहू नका, चीक अंगावर पडला की फोड येतात.