पेन क्लिनिकमध्ये, म्हणजे जुनाट दुखण्यावर उपचार करणाऱ्या दवाखान्यात, काम करायचंय? माझ्या अनुभवातून थोडं

"म्हणजे मॅडम, माझं दुखणं मनाचं आहे, असंच ना?" पहिल्या भेटीत हा प्रश्न येतोच. कुणी तोंडाने विचारतं, कुणी नुसतं बघतं. मानसशास्त्र शिकून या कामात येणार असाल तर याचं उत्तर आधी स्वतःशी पक्कं करा.

पहिल्या वर्षी मी एका रिक्षाचालकांना म्हणाले, "ताणामुळे तुमचं दुखणं वाढतंय." त्यांना ऐकू आलं ते एवढंच, की हिचा माझ्या कंबरेवर विश्वास नाही. ते परत आले नाहीत. अजून सलतं ते मला.

आता मी आधी सांगते, "दुखतंय ते खरंच दुखतंय." मग ठेचेचं उदाहरण देते. ठेच लागली की आपण अंगठा चोळतो आणि कळ थोडी कमी होते. मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलेला 'गेट'चा सिद्धांत इथे समजावता येतो. दुखण्याचे संदेश मज्जारज्जूतल्या जणू एका फाटकातून वर जातात, आणि ते किती उघडायचं यात चोळण्यासारख्या स्पर्शाचा आणि मेंदूचाही हात असतो. म्हणून भीती, जागरण, काळजी यांनी दुखणं वाढतं.

दुसरं, पेशंटचे शब्द जसेच्या तसे टिपा. मेल्झॅक यांच्याच १९७५च्या, दुखणं मोजण्याच्या मॅकगिल प्रश्नावलीत दुखण्याचे ७८ शब्द आहेत. आपल्याकडेही काही कमी नाहीत: ठणका, चमक, कळ, ठसठस, भगभग, पाठ भरून येणं. भगभग आणि मुंग्या एकत्र आल्या तर दुखणं नसेचं असू शकतं. डॉक्टरांना लगेच सांगा. लघवीवरचा ताबा गेला किंवा वजन उगाच उतरू लागलं तर समुपदेशन बाजूला ठेवा, आधी तपासणी.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते 'पेसिंग', म्हणजे काम थोडं थोडं, मध्ये विश्रांती घेत करणं. एक काकू बरं वाटलं की वीस पोळ्या, भांडी, केर सगळं एका दमात उरकायच्या आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात. आम्ही मोबाइलवर वेळ लावून मोजलं. बाराव्या मिनिटाला कंबर बोलायला लागायची. मग ठरलं, दहा मिनिटं उभं राहायचं, गजर झाला की पोळी तव्यावर नसेल तर लगेच स्टुलावर बसायचं. बरं वाटत असलं तरी! हे "तरी" पटवायलाच तीन भेटी गेल्या.

शिक्षणाचं थोडक्यात: क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते. सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी उपचारपद्धती, नीट शिका, पण तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. अभ्यासांमध्ये दुखण्यावरचा तिचा परिणाम बहुधा लहानच दिसतो. म्हणून पेशंटला दहापैकी किती दुखतंय या आकड्यासोबत, काय करता येऊ लागलं हेही विचारा.

काकूंचा आकडा तीन महिन्यांत दहापैकी सातवरून सहावर आला. वहीत त्याखाली त्यांनी लिहिलं होतं, "बहिणीकडे एसटीने जाऊन आले. दोनदा उतरून पाय मोकळे केले."