चाळिशी लावून काढलेली सायकल

सातवीत असताना मी आमच्या सायकलचं चित्र काढायला बसले होते. तोवर वर्गात माझी ख्याती ‘चित्र छान काढते’ अशी होती. म्हणजे काय, तर दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी, नदी आणि मराठी चारच्या आकड्याचे पक्षी. हे सगळं मी डोळे मिटूनही काढू शकायचे आणि खरं सांगायचं तर डोळे मिटूनच काढायचे. सायकल मात्र समोर होती, भिंतीला तिरकी टेकवलेली. मी वाटी पालथी घालून दोन गरगरीत गोल चाकं काढली आणि मग त्या चाकांमध्ये बाकीची सायकल काही केल्या बसेना. शेवटी ती ट्रकखाली आल्यासारखी दिसायला लागली. मी वही मिटली. कुणी रागावलं नाही, कुणी चित्र फाडलं नाही. इतकं नाट्य आमच्याकडे झालंच नाही. मी नुसती थांबले, ते ३४ वर्षं.

मग एकदा कुठल्याशा कस्टमर केअरचं संगीत ऐकत फोन कानाला लावून बसले होते आणि समोरच्या प्रिंटआउटच्या कोपऱ्यात एक डोळा काढला गेला. लांब पापण्या, बुबुळात चमकीचा पांढरा ठिपका. अगदी सातवीच्या वहीच्या मागच्या पानावरचाच डोळा. हात तिथेच बसून होता, वाट बघत.

परत सुरुवात करणाऱ्याने हे आधी समजून घ्यावं. मधल्या वर्षांत तुम्ही चिक्कार चित्रं पाहिलेली असतात, चांगलं-वाईट कळायला लागलेलं असतं. नजर मोठी झाली, हात मात्र बारा वर्षांचाच राहिला. पहिल्या आठवड्यात जे कागदावर येईल त्याला सातवीतल्या मुलीला द्याल तेवढेच मार्क द्या.

सामान आणायला जाल तेव्हा हात आखडता ठेवा. मी आधी ३६ रंगीत पेन्सिलींचा डबा आणि जाड पुठ्ठ्याची देखणी वही आणली. वही इतकी सुंदर की पहिलं पान दोन महिने कोरंच राहिलं. शेवटी त्यावर पेन्सिलीचे नुसते पट्टे ओढून ते मुद्दाम खराब केलं, तेव्हा कुठे दुसरं पान उघडलं. खरं तर एक एचबी (मध्यम) पेन्सिल, एक ४बी (मऊ, काळी) आणि पाठकोरे कागद एवढ्यावर महिना निघतो. प्रिंटरचा कागद साधारण ७५-८० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) असतो, पेन्सिलीला चालतो. पुढे वही घ्याल तेव्हा १०० ते १५० जीएसएमची बघा, खोडून खोडून ती फाटत नाही. आपण शिसपेन्सिल म्हणतो, पण आत शिसं नसतंच, ग्रॅफाइट आणि माती असते. माती जास्त तर पेन्सिल कडक आणि फिकट, तो एच. ग्रॅफाइट जास्त तर मऊ आणि काळी, तो बी. या मिश्रणाचं पेटंट निकोला-जाक काँते या फ्रेंच माणसाने १७९५ मध्ये घेतलं. माझ्या डब्यातल्या ३६ रंगांपैकी ३१ अजून टोकदारच आहेत.

वेळेचं म्हणाल तर ‘रोज एक तास’ असलं काही ठरवू नका. मी वॉशिंग मशीनवर १४ मिनिटं उरलेली दिसली की बसते. समोर जे असेल ते: कपड्यांचे चिमटे, किल्ल्यांचा जुडगा, उलटी पडलेली चप्पल. विषय शोधायला गेलात की ती १४ मिनिटं शोधण्यातच जातात.

पहिला व्यायाम वेडगळ वाटेल, पण त्यानेच माझा हात सुटला. डावा हात समोर ठेवा (डावखुरे असाल तर उजवा). नजर मनगटापाशी लावा आणि मुंगीच्या चालीने कडेकडेने सरकवा. पेन्सिल कागदावर त्याच गतीने सरकू द्या. कागदाकडे अजिबात बघायचं नाही. जे तयार होईल त्याला हात म्हणायला कुणी धजावणार नाही. माझ्या पहिल्या चित्रात सहा बोटं होती आणि अंगठा दुसऱ्याच गावी. पण करंगळीच्या सांध्यावरची सुरकुती बघा: ती रेघ खरी असते. मनात साठवलेल्या ‘हात’ नावाच्या खुणेतून ती येत नाही, समोरच्या हातातून येते. पंधरा दिवस रोज एक असा हात काढा, दुसरं काही केलं नाही तरी चालेल.

आता पेल्याकडे येऊ, कारण माझी सायकल खरी पेल्यातच अडकली होती. साधा पेला डोळ्यांच्या रेषेत धरा. त्याचं तोंड एक आडवी रेघ दिसेल. हळूहळू खाली न्या. रेघ उघडत जाऊन लांबट गोल होते आणि जितकं खाली न्याल तितकी गोलाई वाढते. याचा अर्थ टेबलावरच्या पेल्याचं बूड त्याच्या तोंडापेक्षा जास्त खाली, म्हणून बुडाची कड तोंडाच्या कडेपेक्षा थोडी जास्तच वळलेली दिसते. आपण मात्र बूड सरळ रेघेने काढतो. का, तर टेबल सपाट आहे हे आपल्याला माहीत असतं! चाक गोल असतं हेही मला माहीत होतं, म्हणून तर वाटी घेतली. तिरकं उभं चाक लांबट गोलच दिसतं. हा लांबट गोल काढताना बोटं वळवू नका, कोपरापासून हात हलवा. पेन्सिल कागदाच्या जरा वर धरून दोन-तीन वेळा फिरवा आणि फिरता फिरताच टेकवा. दोन्ही टोकं वळलेली हवीत. डोळ्याच्या कोपऱ्यासारखी अणकुचीदार झाली की पेला मोडला म्हणून समजा.

खुर्ची काढताना खुर्ची काढू नका, पायांमधल्या मोकळ्या जागा काढा. त्या जागांना नाव नसतं, त्यामुळे मन लुडबुड करत नाही. मापासाठी हात पूर्ण ताठ करून पेन्सिल उभी धरा, एक डोळा मिटा आणि अंगठ्याने उंची मोजा. तेच माप आडवं टाकून रुंदीशी ताडा. कोपर वाकलं की माप बदलतं, म्हणून हात ताठ. एखादं चित्र नकलायचं असेल तर ते उलटं ठेवून काढून पाहा. नाक कुठे नि ओठ कुठे हे कळेनासं होतं आणि नुसत्या रेघा दिसायला लागतात.

छाया हा माझ्या आवडीचा भाग आणि इथे वय कामी येतं. मला चाळिशी लागलेली आहे. जवळचा चष्मा लावला की कागद स्पष्ट, पण खोलीच्या पलीकडची वस्तू धूसर. आधी मी वैतागायचे. मग लक्षात आलं की चित्रकार डोळे किलकिले करून जे मिळवतात ते मला चष्म्याने फुकटच मिळतंय: बारकावे पुसले जाऊन नुसते उजेड-अंधाराचे मोठे ठिगळ उरतात. तेवढेच आधी भरा. कोरा कागद, मधला करडा, गडद, तीनच. गडद जागा आपण हमखास घाबरून फिकट ठेवतो. ४बी तिरकी धरून दाबा जरा. तळव्याखाली एक चिटोरा ठेवा, नाहीतर काढलेलं सगळं करंगळीखालच्या कडेवर उतरतं आणि तिथून ड्रेसवर.

खोडरबर दुसऱ्या खोलीत ठेवा, मी शब्दशः सांगतेय. रेघ चुकली तर तिच्या शेजारी बरोबर रेघ ओढा. चुकलेली दिसत राहिली की दुसरी कुठे हवी ते कळतं. रवींद्रनाथ टागोर हस्तलिखितात खोडलेल्या शब्दांना एकमेकांशी जोडून त्यातून पक्षी, प्राणी, चेहरे काढायचे. त्या खाडाखोडीतूनच ते साठी ओलांडल्यावर चित्रांकडे वळले आणि त्यांचं पहिलं प्रदर्शन १९३० मध्ये पॅरिसला भरलं. तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. आपल्याला पॅरिसला जायचं नाही, पण खाडाखोडीला लाजू नये एवढं त्यांच्याकडून घ्यावं.

चेहरे सध्या नकोत. आग्रहच असेल तर एक लक्षात ठेवा: डोळे डोक्याच्या निम्म्या उंचीवर असतात. आपण ते फार वर काढतो, कारण कपाळ आणि केस यांच्याकडे कुणी लक्ष देत नाही. मी हे शिकायच्या आधी नवऱ्याचं चित्र काढलं. त्याने ‘कोण हा?’ असं अगदी निरागसपणे विचारलं. तेव्हापासून तीन महिने कुणालाच वही दाखवली नाही, आणि तो नियम तुम्हीही पाळा. प्रत्येक पानावर तारीख घाला, महिन्याने एकट्याने चाळा.

या महिन्यात मी पुन्हा सायकलला हात घातला. शेजारच्या मुलाची आहे, जिन्याखाली असते. आधी दांड्यांमधले त्रिकोण काढले, सीट आणि हँडलची मापं पेन्सिलीने घेतली आणि मग दोन्ही चाकं: पुढचं हँडल वळल्यामुळे अगदी अरुंद, मागचं जरा उघडं. आरे सगळे काढायला गेलात तर जाळी होते. मध्याजवळचे पाच-सहा काढून बाहेर विरू द्या. पुढचं चाक चक्क जमलं. मागचं निम्मं झालं होतं, तेवढ्यात मुलगा जिना उतरला, ‘काकू, क्लासला उशीर होतोय’ म्हणाला आणि माझं चित्र घेऊन गेला.