रत्नागिरी स्टेशनवर उतरलात की आधी कुवारबावच्या रस्त्यावर या

कोकण रेल्वेची स्टेशनं बहुतेक गावाबाहेरच. रत्नागिरीचंही तसंच, स्टेशन कुवारबावजवळ आणि एसटी स्टँड तिथून काही किलोमीटरवर. फाटकाबाहेर रिक्षावाले घेरतातच. सामान फार नसेल, तर सरळ कोल्हापूर रस्त्यावर या. पाली-हातखंब्याकडून येणाऱ्या गाड्या इथूनच शहरात शिरतात. चढतानाच कंडक्टरला विचारा, "मारुती मंदिरला थांबेल ना?" काम त्या बाजूला असेल तर स्टँडपर्यंत जाऊन मागे यायची गरज नाही.

रिक्षाच करायची असेल, तर भाडं बसण्याआधी ठरवा. पावसात तर नक्कीच.

स्टँडवर नुसतं गावाचं नाव वाचून गाडीत चढू नका. पाटीवर खाली बारीक अक्षरात 'मार्गे' असतं, खरी गोम तिथे आहे. गणपतीपुळ्याला आरे-वारे मार्गे गेलात तर साधारण २५ किलोमीटर, बाजूला समुद्र. निवळीकडून गेलात तर वळसा मोठा आणि समुद्र पार शेवटी. पाटी पुसट असेल तर चौकशी खिडकीवर विचारा, उत्तर तुटक मिळेल पण बरोबर मिळेल.

परतीच्या गाडीची वेळ उतरतानाच कंडक्टरकडून घ्या. आतल्या गावांची शेवटची एसटी लवकर सुटते, आणि पावसाळ्यात रेल्वेचं वेळापत्रकही वेगळं असतं. तेव्हा संध्याकाळच्या रेल्वेगाडीवर पुढची एसटी बेतू नका. ७५ वर्षांवरच्या आजी-आजोबांना एसटीचा प्रवास मोफत आहे, पण आधारकार्ड हाताशी ठेवा, पिशवीच्या तळाशी नको.