शाळेचा हक्काचा निधी कसा मागावा: शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांसाठी

वीजबिल थकलं की शाळेची वीज तोडली जाते आणि वर्गातला टीव्ही भिंतीवर नुसता टांगलेला राहतो. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांनी हे अनुभवलं आहे. मग पारावर बोलणं होतं, "आपल्या शाळेला काही मिळतच नाही." बोलणं खरं असतं, पण त्यावर कोणत्याही कार्यालयाला लेखी उत्तर द्यावं लागत नाही. म्हणून मागणी कागदावर आणि आकड्यांत मांडावी लागते.

आधी शाळा फिरून पाहा

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या परिशिष्टात शाळेत काय असायलाच हवं ते दिलं आहे: प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींसाठी वेगळी शौचालयं, पिण्याचं सुरक्षित पाणी, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण, ग्रंथालय. पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन. ही यादी हातात घेऊन समितीनं शाळेत फिरावं. समितीत निम्म्या महिला असणं बंधनकारक आहे. मुलींच्या शौचालयाची पाहणी त्यांनीच करावी. कडी आहे का, पाणी येतं का, हे त्या लगेच हेरतात.

यानंतर मुख्याध्यापकांकडून यू-डायसची, म्हणजे शाळेच्या माहितीच्या सरकारी नोंदीची, प्रत मागा. तिथे शौचालय "वापरात आहे" असं भरलेलं असेल, तर तुमची मागणी वर पोचण्याआधीच संपली. नोंद चुकीची असेल तर आधी ती दुरुस्त करून घ्या.

तुटीचा हिशोब मांडा

'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेच्या निकषांत ७० पटाच्या शाळेला वर्षाचं संयुक्त शाळा अनुदान २५,००० रुपये आहे. म्हणजे महिन्याला दोन हजारांच्या आसपास. यातच वीजबिल, खडू, रजिस्टरं, किरकोळ दुरुस्ती, इंटरनेट. किमान १० टक्के, म्हणजे २,५०० रुपये स्वच्छतेसाठी. वर्षभर शौचालय धुणाऱ्या माणसाला त्यातून काय देणार? मागच्या बारा महिन्यांची बिलं एका वहीत उतरवा: खर्च किती, अनुदान किती आलं, कधी आलं, उरलेले पैसे कोणी भरले.

हा शेवटचा रकाना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गाव लोकवर्गणी काढतं, शिक्षक स्वतःच्या खिशातून पैसे घालतात आणि तूट कोणाला दिसतच नाही. वर्गणी जरूर द्या, शाळा आपलीच आहे. पण तिची रक्कम "शासनाकडून न मिळालेला खर्च" म्हणून नोंदवा.

शाळा विकास आराखड्यात घाला

इथे बहुतेक समित्या कमी पडतात. कायद्याच्या कलम २२ नुसार शाळा व्यवस्थापन समितीनं शाळा विकास आराखडा करायचा असतो आणि सरकारनं द्यायच्या अनुदानाला तोच आधार असतो. प्रत्यक्षात आयत्या नमुन्यावर सह्या होतात. तसं होऊ देऊ नका. पुढच्या तीन वर्षांचा अंदाजे पट, लागणारे शिक्षक, बांधकामं आणि जादा निधी, सगळं आकड्यांत लिहा. डिसेंबरअखेर तो तयार हवा, म्हणजे पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाआधी पोचतो. सभेत ठराव घ्या, सूचक-अनुमोदकांची नावं इतिवृत्तात येऊ द्या. सह्या पालकांच्या असाव्यात. मुख्याध्यापक नोकरीत आहेत, वरिष्ठांकडे भांडण्याचा भार त्यांच्या एकट्यावर टाकणं बरं नाही.

योग्य दार ठोठावा

एकाच अर्जात दहा मागण्या घातल्या की तो टेबलाटेबलावर फिरत राहतो. पाणी आणि शौचालयासाठी ग्रामसभेत जा. ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या वित्त आयोगाच्या निधीतला मोठा भाग पाणी-स्वच्छतेसाठीच राखीव असतो. शाळेचं काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालण्याचा ठराव घ्या. शिक्षक आणि अनुदानासाठी पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, प्रत जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना (प्राथमिक). वर्गखोल्यांसाठी त्याबरोबरच आपल्या गटाच्या जिल्हा परिषद सदस्यांनाही भेटा. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.

उत्तर आलं नाही तर

महिनाभर वाट पाहा, स्मरणपत्र द्या. नंतर माहितीच्या अधिकारात विचारा: आमच्या शाळेला किती अनुदान मंजूर झालं, कोणत्या तारखेला वर्ग झालं, आमच्या अर्जावर काय कार्यवाही झाली? दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, एका अर्जात एकच विषय ठेवा. ३० दिवसांत माहिती द्यावी लागते.

तरीही हालचाल नसेल तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे इथे जिल्हा परिषदेकडे, लेखी तक्रार करा. तीन महिन्यांत निर्णय देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. निर्णय मान्य नसेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. त्या वेळी खर्चाची वही, ठरावाची प्रत आणि पहिल्या अर्जापासूनच्या सगळ्या पोचा सोबत जोडा.