परवा इंग्रजीचा पेपर आहे ना, मग एव्हरीवन, ईच आणि नन एवढं बघून जा

सगळं ग्रामर परत काढून बसू नका आता, पण एरर स्पॉटिंगला, म्हणजे वाक्यातली चूक शोधायच्या प्रश्नात, हमखास येणारं हे एवढं बघूनच झोपा, कोणत्या शब्दाला एकवचनी क्रियापद आणि कोणत्याला अनेकवचनी. आधी 'एव्हरीवन म्हणजे सगळे' हे डोक्यातून काढा, कारण मराठीत आपण 'सगळे आलेत' म्हणतो आणि त्याच ओघात हात 'एव्हरीवन हॅव कम' लिहून मोकळा होतो. 'प्रत्येक जण आलाय' असं म्हणून बघा, लगेच 'हॅज' सुचतं. समवन आणि नोबडीला तर मराठीच मदत करते, 'कोणीतरी आलंय', 'कोणीच आलं नाही', दोन्हीकडे एकवचनच, म्हणून तिथे हॅज. बोथ, फ्यू, मेनी, सेव्हरल कायम अनेकवचनी, ते एकदा वाचून सोडून द्या. आणि एस नीट बघा हं, नामाला लागला तर अनेकवचन पण क्रियापदाला लागला तर एकवचन, 'एव्हरीबडी नोज'. इथे चांगली चांगली मुलं गडबडतात.

मार्क खरे जातात ते 'ऑफ'पाशी. 'ईच ऑफ द बॉइज' वाचलं की क्रियापदाला चिकटून बॉइजच दिसतं आणि आपण हॅव टिक करतो, म्हणून ऑफपासून बॉइजपर्यंतचा तुकडा पेन्सिलने खोडा, उरतं 'ईच', त्याला हॅज. वन ऑफ, आयदर ऑफ, नायदर ऑफ यांनाही हेच करा. फक्त 'दे ईच हॅव' बरोबर आहे बरं का, तिथे कर्ता दे आहे.

पण ऑल, सम, मोस्ट, एनी आले की खोडायचं नाही, उलट ऑफच्या पुढे काय आहे तेच बघायचं, 'सम ऑफ द मिल्क इज' पण 'सम ऑफ द मँगोज आर', दूध मोजता येत नाही, आंबे येतात. ननचंही तसंच, पाणी असेल तर इज, मुलं असतील तर इज आणि आर दोन्ही चालतात, म्हणून तिथे लगेच चूक धरू नका, आधी बाकीच्या वाक्यात दुसरी ठळक चूक शोधा.

आणि क्वेश्चन टॅगचा, म्हणजे वाक्याच्या शेवटी जोडायच्या छोट्या प्रश्नाचा, सराव राहिला असेल तर दोन वाक्यं तरी करा, कारण तिथे हाच एव्हरीवन उलटा वागतो, 'एव्हरीवन हॅज कम, हॅवन्ट दे?', वाक्यात हॅज आणि टॅगमध्ये हॅवन्ट.